चिंचेच्या पाण्यातली गार

मित्रांनो, नशिराबादच्या एका घरात मोरीतल्या नळाची चकती तुटली आहे. नळ उघडायचा असला की तिथल्या उघड्या दांड्याला पकडून फिरवायला जे काही लागतं, ते मी. मी एक जुनी पक्कड आहे. नीट बघाल तर कळेल की माझी चोच चपटी नाही, दोन्ही टोकं गोल आणि निमुळती आहेत. नळ फिरवायला अशी चोच कुणी बनवत नाही. पण तक्रार कुणाकडे करायची? मोरीत सोबतीला एक घासणी आहे आणि तिला स्वतःचंच पुष्कळ झालं आहे.

माझं पहिलं घर जळगावात होतं, नथ्थूआबांच्या हातात. आबा सोनार. साखळीच्या कड्या वळवायच्या त्या माझ्या चोचीवर. चोचीच्या टोकाशी वळवलं तर मोहरीएवढी कडी होते, बुडाशी वळवलं तर वाटाण्याएवढी. आबा बोलायचे कमी, पण काम झालं की मला धोतराच्या सोग्याला पुसून खोबरेल तेलाचा एक थेंब सांध्यात सोडायचे. एवढ्यावर मी तीस वर्षं कुरकुर न करता उघडले आणि मिटले. आबा गेले तेव्हा मुलांनी काटा, ऐरण, हातोड्या वाटून घेतल्या. मला कुणी मागितलं नाही, म्हणून मी मुलीच्या वाट्याला आले.

ती मुलगी म्हणजे दिपमाला. तिचं सासर नशिराबादचं. नवरा भूपेंद्र विहिरीवरच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. घरात तांब्याच्या तारेचे तुकडे पायात यायचे. पाच वर्षं मी शिवणयंत्राच्या खणात झोपून काढली. मग एका दुपारी दिपमालाने मोबाइलवर कुणीतरी तारेने दगड मढवताना पाहिलं, आणि तिला माझी आठवण झाली.

आमच्याकडे दगडांना तोटा नाही. विहीर खोदली की काळ्या खडकाच्या पोटातून पांढऱ्या, हिरवट, पारदर्शक गारा निघतात. खोदणारे त्या मलब्यासोबत फेकतात. दिपमाला ओटी भरून आणायची. दगडाला भोक पाडायचं नाही, डिंक लावायचा नाही, फक्त तारेने त्याला असं कवेत घ्यायचं की तो हलला नाही पाहिजे आणि झाकलाही गेला नाही पाहिजे. जाड तारेची चौकट, बारीक तारेचे वेढे आणि वर दोरा ओवायला एक कडी. मोटारीच्या तारेवर लाखेसारखा मुलामा असतो. तो ती ब्लेडने खरवडून काढायची, कारण तिला खालचं लाल तांबं हवं होतं. भूपेंद्र म्हणायचा, "मुलामा काढला की तार काळी पडेल." ती म्हणायची, "पडू द्या, पुसता येतं." कडी दरवेळी एकाच मापाची व्हावी म्हणून तिने माझ्या चोचीवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका लावला. उतारवयात असा नट्टापट्टा. पण मला तो आवडला, हे कबूल करते. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला तिच्या गळ्यातलं पेंडंट हातात घेऊन बघायच्या, तेव्हा मी तारांच्या डब्यात पडल्या पडल्या फुगायचे.

दिपमालाची एकुलती एक मुलगी पुनम. ती सात वर्षांची असताना तिला मलब्यात एक गार सापडली होती. काचेसारखी स्वच्छ, तिरक्या चौकोनाची. ती पुस्तकावर ठेवली की खालचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसायचं. पुनम ती वर्तमानपत्रावर ठेवायची, आईच्या कुंकवावर धरायची आणि हसायची, "आई, तुला दोन कुंकू." शाळेत असेपर्यंत ती गार तिच्या दप्तरात असायची.

तीन वर्षांपूर्वी पुनमने धुळ्यात आपल्या मनाने लग्न केलं आणि नंतर घरी फोन केला. भूपेंद्रने फोन बायकोच्या हातात दिला. दिपमाला बोलली. म्हणाली, "तुझी एक वस्तू घरात ठेवली नाही मी. कपडे, पुस्तकं, ती तुझी गारसुद्धा, सगळं उकिरड्यावर टाकलं." मित्रांनो, हे सपशेल खोटं होतं. तिने काहीच टाकलं नव्हतं. गार तर माझ्याच डब्यात कापसात गुंडाळलेली होती. पण बोललेलं बोललं गेलं. पुनमने फोन ठेवला आणि पुढे तीन आखाज्या ती माहेरी आली नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही, तर त्या घरी झोका बांधत नाहीत.

यंदा मात्र तिचा निरोप आला. येईन, पण अर्धाच दिवस.

दिपमालाने मला डब्यातून काढलं ते त्याच दुपारी. ती गार मढवायची आणि पुनमच्या गळ्यात घालायची, असं तिने ठरवलं. माफी मागणं तिच्या जिभेला जमणारं नव्हतं. गारच सांगेल, की मी काही टाकलं नाही. गार फार मऊ, नखाने नाही पण तारेच्या टोकाने ओरखडा पडणारी. पुढून आणि मागून ती उघडी राहायला हवी होती, नाहीतर अक्षरं कशी दिसणार? तिने तीनदा मढवली आणि तीनदा उलगडली. वळवून वळवून तांबं ताठ झालं आणि एकदा मोडलं. तेरा दिवस लागले. झालं तेव्हा तिने ते वर्तमानपत्रावर धरून पाहिलं. अक्षरं दोन दोन दिसली. आबांच्या हातूनही मी इतकं नाजूक काम केलं नव्हतं, आणि हे मी आबांचा मान ठेवून सांगते.

पेंडंट स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलं होतं. महिनाभराच्या फोडण्यांनी आणि वाफेने तांबं काळवंडलं. आखाजीच्या आदल्या दिवशी दिपमाला आंबे आणायला जळगावला गेली. घरात तिची सासू सुनंदाबाई होती. माहेर धुळ्याकडचं, बोली अहिराणी, वय ऐंशीच्या घरात, नजर अधू आणि हात रिकामा न ठेवण्याची सवय. सणाची तांब्याची भांडी तिने चिंच-मिठाने घासली. मग तिला खिळ्यावरचं ते काळं तांबं दिसलं. नात येणार, तिच्यासाठी केलेलं, आणि असं काळं? तिने वाडग्यात दाट चिंचेचं पाणी केलं आणि पेंडंट त्यात बुडवून ठेवलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. मी शेजारीच ओट्यावर होते. पाण्यात बारीक बारीक बुडबुडे येत होते. मला वाटलं, मळ सुटतोय. शेवटी तिने ते बाहेर काढलं ते माझ्याच चोचीने धरून, घासलं आणि फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवलं. दिपमालाला तिने काही सांगितलं नाही. तिला दोघींना चकित करायचं होतं.

चिंच तांब्याचा मळ खाते हे तिला आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. चिंच दगडही खाते हे त्यांच्यात कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी पुनम आली. बापाच्या पाया पडली, तो "बस" म्हणाला. सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला. दिपमाला खिळ्याकडे गेली तर खिळा रिकामा. तेव्हा सुनंदाबाईने फडकं पुढे केलं.

"बठ्ठं तांबं कायं पडी जायेल व्हतं," ती म्हणाली. "मी चिंचमा घाली ठेवं. देख, कसं चमकी राहिनं."

तांबं खरोखर चमकत होतं. पण मधली गार खडीसाखरेच्या चोखलेल्या खड्यासारखी झाली होती. पांढरी, धुरकट, कडा झिजलेल्या. पुनमने ती हातात घेतली आणि सांजोऱ्यांखालच्या वर्तमानपत्रावर ठेवली. एकही अक्षर दिसलं नाही.

"ही ती नाही," ती म्हणाली.

"तीच आहे गं." दिपमाला पदराने गार पुसत होती. तिलाही कळत नव्हतं काय झालं ते.

"आई, ती आरपार दिसायची. तू टाकली म्हणालीस ना, मग टाकली. दुसरी आणून तीच म्हणून कशाला देतेस?"

दिपमालाने सासूकडे पाहिलं. म्हातारी पाटावर बसून समाधानाने हसत होती, नातीच्या तोंडून कौतुक ऐकायची वाट बघत. चिंचेची शंका दिपमालाला आली, पण ते हसू पुसायला ती धजली नाही. पुनमने पेंडंट उचललं आणि आजीच्या गळ्यात घातलं. "आजी, तू घासलंस, तुलाच शोभतं." उन्हं कलायच्या आत ती धुळ्याच्या बसमध्ये होती.

त्या संध्याकाळी दिपमालाने मढवताना निघालेला त्याच गारेचा एक टवका डब्यातून काढला आणि त्यावर लिंबू पिळलं. टवका फसफसला. तिने लगेच फोन लावला आणि सगळं सांगितलं, चिंच, लिंबू, बुडबुडे. पलीकडून पुनम म्हणाली, "बरं आई." मग म्हणाली, "दगडाला चिंच लागते, हे तुला तरी पटतंय का?" त्यानंतर ती फोन उचलते, पण दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाही.

सुनंदाबाई ते पेंडंट रोज घालते. दर एकादशीला चिंचेने घासते. तिला अडवायचं तर कारण सांगावं लागेल, आणि ते सांगायचं धैर्य दिपमालात नाही. गार दर खेपेला थोडी बारीक होत गेली. आधी चौकटीत हलायला लागली, मग वाजायला लागली. एकदा दिपमालाने मला घेतलं आणि तार आवळून पाहिली. सांध्यात चिंचेच्या पाण्याचा गंज चढला होता, मी नीट मिटलेच नाही. तिने मला मोरीत ठेवलं. पुढे कधीतरी गार तारेतून निसटली, अंगणात की बसस्टँडवर, कुणाला माहीत नाही. म्हातारीला दिसत नाही. ती रिकामी, चमकणारी तार गळ्यात घालून ती शेजारणींना सांगते, मनी नातनी घालेल शे, माझ्या नातीने घातलंय.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या असं सांगायचं असतं. पण माझ्या घरात काळजी कमी कुणीच घेतली नाही. तुम्ही दोनच गोष्टी करा. दुसऱ्याची वस्तू घासण्याआधी ती कशाची आहे ते विचारा. आणि रागात कधी खोटं बोललात, तर ते खोटं आहे हे त्याच दिवशी सांगा. दगडावर सोपवू नका.

माझ्या चोचीवरचा लाल ठिपका अजून अर्धा शिल्लक आहे. नळ फिरवण्याआधी दिपमाला चोच दांड्यावर दाबून बसवते तेव्हा तो तिच्या अंगठ्याखाली येतो, आणि ती अंगठा जरा बाजूला सरकवते.