नख अडकतं तिथे

गाडी घेऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते आणि धम्मदीपच्या त्या कोऱ्या मरून गाडीच्या डिकीवर बशीएवढा गोल ओरखडा पडला होता. पडला होता म्हणणं ही लबाडीच झाली. धम्मदीपने तो स्वतःच्या हाताने पाडला होता.

गाडी आली त्या दिवशी त्याच्या वडिलांनी, सहादेवरावांनी, नागपूरहून आणलेल्या दोन स्टिकरांतला एक डिकीवर लावला होता. निळा गोल, मधे चक्र, खाली ‘जय भीम’. बस डेपोच्या पेंट शॉपमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस. पत्रा पुसून, अंगठ्याने दाबत दाबत, एक बुडबुडा राहू दिला नाही. धम्मदीपने कौतुकाने फोटो काढला. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र तो टाकला नाही.

आणि शुक्रवारी चंदन साहेब म्हणाले, “सोमवारी ठाण्याला मीटिंग आहे. तुझ्या नव्या गाडीनेच जाऊ.” हे साहेब जेवताना ‘कोट्यातून आलेल्यां’वर विनोद करायचे आणि बाकीच्यांबरोबर धम्मदीपही हसायचा. एक-दोनदा नाही, चार वर्षं हसत होता. ऑफिसात तो नावाचं नुसतं आद्याक्षर लावायचा, आणि आडनाव असं, की कुणाला काही अंदाज यायचा नाही, आणि यानेही कधी येऊ दिला नव्हता. आता डिकीवरचा तो गोल एका नजरेत सगळं सांगून टाकणार होता.

म्हणून शनिवारी दुपारी, सगळी बेव्हर्ली पार्क सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, हा शहाणा पार्किंगमध्ये उकिडवा बसून दाढीच्या ब्लेडने बापाचा स्टिकर खरवडू लागला. सहादेवरावांनी लावलेला स्टिकर, तो सहजी निघतो कसला! गोंद राहिला म्हणून याने भांड्यांची तारेची घासणी आणली. गोंद गेला, त्याबरोबर रंगही गेला आणि खालचा पांढरट प्रायमर दात काढून हसू लागला.

रविवारी सकाळी पॉलिश आणतो असं बायकोला सांगून तो खाली उतरला, तर पप्पा आधीच डिकीपाशी स्टूल टाकून बसलेले. बोटाला फडकं गुंडाळून, रबिंगची पेस्ट घेऊन ते गोल गोल घासत होते. पोराला बघताच त्यांनी ओरखड्यावर फडकं धरलं.

“तू कशाला आलास खाली? मी गुपचूप करून टाकणार होतो.”

“काय झालं, पप्पा?” हे विचारताना धम्मदीपला स्वतःच्याच आवाजाची किळस आली.

“कोणीतरी आपला स्टिकर काढलाय. सोसायटीतलंच असणार. तू मनाला लावून घेऊ नको. आयुष्यभर बघितलीत अशी माणसं.” मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, “वॉचमन बोलला, अंकल, कॅमेरा देख लेते हैं. मीच नको म्हटलं. ज्याने केलं त्याचं तोंड रोज बघायचं असतं. कळलं की जड जातं.”

चोराच्या मनात चांदणं. पप्पांना कळलंय की काय, या विचाराने धम्मदीपने चोरून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पण पप्पा आपल्या कामाच्या नादात होते.

“हे चावीचं काम नाही,” ते म्हणाले. “चावीवाला एक रेघ ओढतो नि पळतो. हा बसून खरवडत होता. घाबरलेला होता बिचारा. हे बघ, इथे हात थरथरलाय.” त्यांनी धम्मदीपचं बोट धरून ओरखड्यावरून फिरवलं. “नख अडकतंय ना? नख अडकलं की समजायचं, घासून जायचं नाही. नुसतं चमकेल.”

लहानपणी शाळेच्या पाटीवर अक्षरं गिरवून घेताना त्यांनी हेच बोट असंच धरलं होतं. धम्मदीपला बोट सोडवून घेता येईना आणि तिथे ठेवताही येईना. सोसायटी, कुठलाकुठला अनोळखी माणूस, सगळ्यांवर आळ घेऊन बाप याची समजूत काढत होता.

“पप्पा, मी काढला तो.”

पप्पांच्या हातातून त्याचं बोट सुटलं.

“उद्या साहेब बसणार होते गाडीत.”

याहून जास्त सांगायची गरज पडली नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं धम्मदीपला वाटलं. सहादेवरावांनी बोटाचं फडकं सोडलं, त्याची नीट घडी केली आणि ते मांडीवर ठेवून बसून राहिले. लाजेने धम्मदीपची मान वर होईना.

“तुमच्याकडे दुसरा आहे ना?” तो घाईघाईने म्हणाला. “द्या, मी आत्ता लावतो. त्याच जागी. खालचं काही दिसणार नाही.”

सहादेवरावांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. निळी कड खिशातून थोडी वर आली. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डिकीकडे, आणि स्टिकर परत आत सरकवला.

“नको,” ते म्हणाले. “ओरखडा झाकायला नाही आणला तो.”

मग पेस्ट आणि फडकं डिकीवर ठेवून, स्टूल उचलून ते लिफ्टकडे गेले.