बंबाचं इंजिन आणि लाल ठिपका

मी एक जुनं इंजिन आहे, मित्रांनो. सहा सिलिंडर, एका ओळीत. पण ओळीत असलो म्हणून मी गपगुमान बसणारा नव्हे. मला स्वस्थ बसवतच नाही. थांबलो की अंगाचा तिळपापड होतो, आणि नेमकं थांबणंच एकोणीस वर्षं माझ्या नशिबी आलं.

तरुणपणी मी पिंपरीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या बंबात होतो. बंब म्हणजे आग विझवायची गाडी. तिचे ड्रायव्हर होते दत्तोबा, चिखलीचे. भोंगा वाजला की ते धावत यायचे आणि मी एका किल्लीत सुरू व्हायचो. दुसरी किल्ली मारायची वेळ मी कधी त्यांच्यावर आणली नाही! एकदा गोदामाला आग लागली, तेव्हा सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत मी एका दमात पाणी ओढलं. मालकांनी दत्तोबांच्या गळ्यात हार घातला. दत्तोबांनी तो काढून माझ्या बॉनेटवर ठेवला. बॉनेट इतकं तापलं होतं की झेंडू तासाभरात वाळला. पण मी मात्र फुगून गेलो होतो.

पुढे कारखाना बंद पडला आणि बंब मोडीत निघाला. दत्तोबांनी मला तेवढं मागून घेतलं आणि चिखलीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. वर पोतं टाकलं. सुरुवातीला रोज यायचे, पुसायचे, तेल घालायचे. मग वयाने त्यांचं येणं कमी झालं. एक कोंबडी माझ्या कार्बोरेटरशेजारी अंडी घालायला लागली. सांगा मित्रांनो, ज्याने आगी विझवल्या त्याने अंडी राखावीत?

गेल्या वर्षी भावकीने ती जागा बिल्डरला दिली. दिवाळीच्या पाडव्याला भूमिपूजन ठरलं. तोवर शेड रिकामी करायची होती. दत्तोबांचा मुलगा सुजित चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे, राहतो पिंपळे गुरवला. तो म्हणाला, "आप्पा, ताथवड्याच्या कॉलेजात माझे सर आहेत. इंजिन चालू असेल तर लॅबमध्ये ठेवू म्हणालेत. मुलं शिकतील त्याच्यावर. बंद असेल तर नको म्हणाले."

"आन न्हाई चाललं तर?"

"तर भंगार. माझ्या फ्लॅटमध्ये ठेवू का आता हे?"

 दत्तोबांनी बाह्या सारल्या आणि मला खोललं.

पिस्टनच्या रिंगा मिळाल्या. व्हॉल्व्ह घासून झाले. व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, झिजला होता, तो घासून आणला. घोडं पेंड खात होतं ते चेनपाशी. तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडाशी दोन दातेरी चाकं आहेत, खाली धाकटं आणि वर थोरलं. त्यांच्यावर सायकलीसारखी एक चेन. मी श्वास कधी घ्यायचा आणि कधी सोडायचा, हे ती ठरवते. त्यासाठी दोन्ही चाकांवरच्या खुणा समोरासमोर बसवाव्या लागतात. माझी चेन सैल पडली होती. त्यात कॅमशाफ्ट घासलेला, म्हणून साधी चेन चालणार नव्हती. धाकट्या चाकाला आतून जास्तीच्या खाचा असलेला, वेळ थोडी पुढेमागे करता येईल असा सेट हवा होता.

दत्तोबा जुनी चेन पिशवीत घालून बसने पिंपरीला गेले. दुकानामागून दुकान पालथं घातलं. एक दुकानदार म्हणाला, "काका, हे मॉडेल माझ्या जन्माआधी बंद झालं." दुसऱ्याने कसला तरी सेट गळ्यात मारला, त्याला दोन दाते कमी निघाले. दत्तोबा परत आले आणि माझ्याजवळ टेकले. "तुझ्या मापाचं काय घावंना रं," म्हणाले. मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. दिवस सरत होते आणि मला पाय नव्हते, नाहीतर मीच गेलो असतो!

शेवटी सुजितने मनावर घेतलं. धाकट्या चाकाचे दाते मोजायला बसला. दत्तोबांनी मोजले एकवीस, त्याने मोजले बावीस.

"आप्पा, डोळे दाखवा एकदा."

"माझं डोळं ठणठणीत हायेत. तू नीट मोज."

पुन्हा मोजले. बावीसच होते. सुजितने मापं घेतली, फोटो काढले, देशोदेशी मेल टाकले. ऑस्ट्रेलियातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने कळवलं, एक सेट आहे, पाठवतो. मग सुरू झालं वाट बघणं. आज विमानात, उद्या मुंबईत, परवा तपासणीत अडकलं. माझा जीव टांगणीला लागला होता.

पार्सल आलं ते नेमकं खंडेनवमीला. म्हणजे हत्यारांना हात लावायचा नाही! दत्तोबांच्या मंडळी शालनबाई पूजेचं तबक घेऊन आल्या. त्यांनी पान्ह्यांना कुंकू लावलं, व्हाइसला लावलं, मला लावलं. नवा सेट तेलाने चकाकत होता. त्याच्याही दोन्ही चाकांना एकेक ठिपका लावून त्या म्हणाल्या, "लांबनं आलंय बिचारं. आपलं म्हणाया पायजे." कुंकू त्या तेलात घट्ट बसलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दत्तोबा सेट बसवायला आले. चाक डोळ्यांजवळ धरलं आणि खुलले. "वा! कंपनीनं लाल रंगाची खूण करून दिल्याय. लई भारी काम." आणि त्यांनी लालासमोर लाल बसवलं.

अहो, ती कंपनीची खूण नाही! शालनबाईंचं कुंकू आहे! खरी खूण तेलाखाली आहे, मोहरीएवढी, ठोकलेली! मी ओरडत होतो मित्रांनो, पण इंजिनाला सुरू झाल्याशिवाय आवाज कुठला?

किल्ली फिरली. फट्ट! कार्बोरेटरमधून जाळ निघाला. पुन्हा फट्ट! दत्तोबांनी धाकट्या चाकाची खाच बदलून पाहिली. एकेक करत सगळ्या खाचा झाल्या. पण दर वेळी लालासमोर लाल. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "माल डुप्लिकेट हाय."

"आप्पा, दाते मोजलेत, मापं बरोबर आहेत. माल चोख आहे."

दत्तोबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मग माझाच हात गेला, सुजित. चाळीस वर्षांचा हात. बोलव त्या भंगारवाल्याला."

भंगार म्हटल्याचं मला वाटलं नाही इतकं त्या आधीच्या वाक्याचं वाईट वाटलं. चूक ना त्यांच्या हाताची होती ना माझी, आणि आम्ही दोघंही मोडीत निघालो होतो.

दिवाळी आठवड्यावर आली आणि सकाळीच टेंपो आला. माझ्या अंगाला हूक लागले. तेवढ्यात शालनबाई तबक घेऊन आल्या. "घरातनं चाललंय. असंच धाडू व्हय?" माझं पुढचं झाकण उघडंच होतं. त्या वाकल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि थांबल्या.

"अवं, हितं तर माझं खंडेनवमीचंच कुंकू हाय. हाललं बी न्हाई."

"कुंकू कसलं? कंपनीची खूण हाय ती."

"कंपनी बसली घरी! माझ्या बोटाचा ठिपका मी वळखत न्हाई व्हय?"

 दत्तोबांनी फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं आणि दोन्ही चाकं खसाखसा पुसली. लाल रंग फडक्यावर उतरला. सुजितने मोबाईलचा उजेड पाडला. "आप्पा, खरी खूण ही इथं आहे. तीन दाते अलीकडे!"

"अरं देवा! काखेत कळसा आन गावाला वळसा." दत्तोबा टेंपोवाल्याकडे वळले. "हूक काढ भाऊ. चहा घे, बस जरा."

तासाभरात चेन पुन्हा बसली. या वेळी खुणा सुजितने पाहिल्या आणि पान्हा दत्तोबांनी फिरवला. किल्ली फिरली. एकच किल्ली, मित्रांनो! सहाच्या सहा सिलिंडर ओळीने बोलले. कोंबडी पत्र्यावर पळाली. टेंपोवाल्याने चहाचा कप तसाच हातात धरला. दत्तोबा माझ्यावर हात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

शालनबाई म्हणाल्या, "हात न्हाई गेला तुमचा. डोळं गेल्यात. चला आता दवाखान्यात."

आता मी ताथवड्याच्या लॅबमध्ये असतो. मुलं मला खोलतात, जोडतात, चुकतात. चुकली की मी फट्ट करतो आणि ती दचकतात. तुम्हालाही सांगतो, मित्रांनो, एखादं यंत्र अडखळलं की लगेच भंगार म्हणू नका, आणि अडखळलेल्या माणसाला तर मुळीच नको. आधी नीट पुसून बघा.

यंदाच्या खंडेनवमीला दोघं आले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या दत्तोबांनी लांबूनच माझ्यावरचा बारीकसा ओरखडासुद्धा टिपला. शालनबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि विचारलं, "कुटं लावू?" दत्तोबांनी त्यांचा हात धरून माझ्या झाकणावर नेला, खुणांपासून चांगला लांब. खंडेनवमी म्हणून त्या दिवशी मला कुणी सुरू केलं नाही. सगळ्यांनी नमस्कार केला आणि दार ओढून घेतलं. कपाळावर ओलं कुंकू घेऊन दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत मी कसा थांबलो, ते माझं मलाच ठाऊक.