हॉइटकडची पाहुणी

समोरून येणारा लाल पिकअप ट्रक रस्ता सोडून गवतात उतरला आणि थांबला. आतल्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. ग्रेचननं स्टिअरिंगवरचा हात उचलला आणि ती त्याच्याकडे बघून हसली. पुढच्या वळणावर आणखी एक गाडी तशीच बाजूला झाली. एका अंगणात वाकून तण उपटणारी बाई कंबर धरून उभी राहिली आणि ग्रेचनची गाडी पुढे जाईपर्यंत हलली नाही.

ग्रेचनला भरून आलं. ओहायोतला संसार मोडल्यावर अलाबामातल्या या केल्डर गावात ती दातांच्या दवाखान्यात नोकरीला लागली, त्याला वर्ष होत आलं होतं. इथल्यासारखं राहायचं, हे तिनं आल्या आल्याच ठरवून टाकलं होतं. दुकानात गेलं की काय हवं ते सांगण्याआधी दुकानदाराच्या आईची चौकशी करायची, ओसरीत बसलं की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायचा, चहा बर्फ घालून गोडमिट्ट प्यायचा, घाई कशाचीच करायची नाही. लोक वागायला गोड होते. पण ती आली की त्यांच्या गप्पा जरा थबकत आणि ती गेली की पुन्हा सुरू होत, हे तिच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नव्हतं. आज मात्र सुट्टी म्हणून ती पीच आणायला बाहेर पडली, तर सगळा गाव तिला वाट करून देत होता.

मग रस्ता सरळ झाला आणि पुढे चाललेली लांब काळी गाडी तिला दिसली. तिच्या मागच्या काचेला आतून फुलं टेकली होती. ग्रेचननं आरशात पाहिलं. रखरखीत उन्हात दिवे लावलेल्या गाड्यांची रांग तिच्या मागून येत होती. रांगेचा शेवट दिसत नव्हता.

लोक थांबत होते ते या अंत्ययात्रेला मान म्हणून. मघाशी चौकात एक करडी गाडी अडखळली होती. आपल्याला वाट दिली असं समजून ग्रेचन मध्ये शिरली होती, वर हात दाखवून तिनं आभारही मानले होते. ती गाडी गेलेल्या माणसाच्या घरच्यांची होती. शवगाडीच्या अगदी मागची जागा त्यांची, आणि तिथे आता ती होती.

पेट्रोल पंप दिसताच तिनं वळायचा दिवा लावला. मागच्या गाडीनंही लावला. तिच्या मागच्या गाडीनंही. ग्रेचननं घाबरून दिवा बंद केला. तिच्यामागोमाग ही सगळी अंत्ययात्रा पंपावर जाऊन उभी राहिली असती. रेडिओवर कुणीतरी मजेत गात होतं, हे तिला तेव्हा कुठे ऐकू आलं, आणि तिनं तो चोरट्यासारखा बंद केला.

दफनभूमीच्या फाटकापाशी सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं आणि गुपचूप निसटायचं, असा तिचा बेत होता. पण तिथे उभ्या असलेल्या काळ्या सुटातल्या माणसानं खूण करून तिची गाडी थेट मांडवापाशी नेली आणि दार उघडलं. त्याची नजर तिच्या पिवळ्या हाफ पँटवर आणि रबरी चपलांवर गेली आणि लगेच वर आली. 'सांभाळून,' असं हळूच म्हणत त्यानं तिच्या कोपराला आधार दिला आणि तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी यातली नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. पण तेवढ्यात करड्या गाडीतून काळ्या पोशाखातली एक उंच, हडकुळी बाई उतरली. ती गेलेल्या हॉइट प्रुइटची बायको; लग्न झालेलं असलं तरी इथल्या रीतीनं सगळे तिला मिस व्हॉन्सीलच म्हणत. सगळे उठून उभे राहिले, आणि ग्रेचनही उभी राहिली.

"हॉइट आपल्याकडे इंडियानाहून आला," पास्टर ड्वेननं सुरुवात केली. बाहेरून येऊनही तो आपल्यात मिसळला, गावातल्या गाड्यांचे रेडिएटर त्यानं आयुष्यभर दुरुस्त केले, असं ड्वेन सांगत होता. ग्रेचननं पर्स उघड्या मांड्यांवर आडवी धरली होती. ती काही पुरत नव्हती. मागच्या रांगेत कुजबुज चालली होती. त्यातला 'दातांचा दवाखाना' तेवढा तिला स्पष्ट ऐकू आला.

प्रार्थना संपली तेव्हा तिच्या गाडीमागे गाड्यांच्या तीन रांगा लागलेल्या होत्या. दवाखान्यात येणाऱ्या मिसेस टिडवेलनी तिचा दंड धरला. उपाशी कुणी घरी जात नसतं, असं म्हणत त्यांनी तिला चर्चच्या हॉलमध्ये नेलं आणि तिच्या ताटात तळलेली कोंबडी, पावटे आणि बटाट्याचं सॅलड वाढलं. हॉइटला ती कशी ओळखायची, असंही विचारलं. ग्रेचन गडबडली. सगळं पहिल्यापासून सांगावं म्हणून, आपण ओहायोच्या, इथलं आपल्याला अजून नीट कळत नाही, असं काहीतरी बोलायला लागली. मिसेस टिडवेलनी त्यातलं ओहायो तेवढं उचललं. ओहायो काय आणि इंडियाना काय, शेजारी शेजारीच की. तरीच पहिल्या दिवसापासून त्या म्हणत होत्या, ही बाई थेट हॉइटसारखी बोलते.

ग्रेचनच्या तोंडातला घास खाली उतरेपर्यंत बातमी पुढे गेलीसुद्धा. हॉइटकडचं कुणीतरी आलंय. एकेका टेबलावरची डोकी वळत गेली, ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला व्हॉन्सीलपर्यंत. व्हॉन्सील उठली. लोक तिच्यासाठी खुर्च्या सरकवत होते. तिचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

"तू हॉइटकडची?" तिनं विचारलं.

हो म्हणून मान हलवणं सोपं होतं. थोड्या वेळात घरी जाता आलं असतं आणि गावालाही हिला कुठे बसवायचं ते कळलं असतं. ग्रेचननं काटा ताटात ठेवला. तो घसरून खाली पडला.

"नाही, मिस व्हॉन्सील. मी त्यांना ओळखतसुद्धा नव्हते. चौकात मला वाटलं, तुम्ही मला वाट दिलीत. मग रांगेतून बाहेरच पडता येईना. आणि लोक थांबत होते, टोप्या काढत होते, तर आधी मला वाटलं..." तिचे कान तापले. "मला वाटलं, माझ्यासाठीच थांबतायत."

मिसेस टिडवेल आपल्या ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिल्या. व्हॉन्सीलच्या चेहऱ्यावर मघाशी जे उजळलं होतं, ते हळूहळू मावळलं. इंडियानाला फोन केला होता, ती म्हणाली. यायला जमतंय का बघतो, असं हॉइटचा भाऊ म्हणाला होता. मग ती शेजारच्या खुर्चीत बसली, पाय दुखत असल्यासारखी. ग्रेचन ताट उचलून उठायला लागली.

"बस."

ग्रेचन बसली.

"चाळीस वर्षं राहिला तो या गावात," व्हॉन्सील म्हणाली. "आणि ड्वेननं सुरुवात कुठून केली, ऐकलंस ना?"

"ऐकलं. इंडियानापासून."

"ड्वेनला कशाला बोलू? मीही हसायचे त्याला. त्याच्या बोलण्याला. चारचौघांत नक्कल करून दाखवायचे." तिनं टेबलावरचा पावाचा कण बोटानं टिपला. "आत्ता तू बोललीस, तेव्हा क्षणभर..."



"मला फार वाईट वाटतंय," ग्रेचन म्हणाली. शब्द लांबवून, मऊ करून, इथल्या हेलात. संध्याकाळी घरात एकटीच बसून तिनं तो घोटवला होता.

व्हॉन्सीलनं मान हलवली. "असं नको. मघाशी बोललीस तसं बोल."

"काय बोलू?"

"काहीही. घरात आता कुणी तसं बोलणार नाही."

ग्रेचननं आजूबाजूला पाहिलं. लोक ताटात बघून जेवत होते, निदान तसं दाखवत होते. तिला आपल्या माहेरची गल्ली आठवली. हिवाळ्यात सकाळी दारापुढचा बर्फ उपसावा लागायचा, वडील खिडकीवर टकटक करून सगळ्यांना उठवायचे, फावडी दोन आणि भावंडं चार, असं ती सांगायला लागली. पहिली दोन वाक्यं जिभेवर येईनात, मग यायला लागली. व्हॉन्सीलनं डोळे मिटून घेतले. आपला आवाज हॉलभर जातोय, सगळे ऐकतायत, असं वाटून ग्रेचन दबली. एकेक शब्द जपून टाकायला लागली.

"हळू नको," व्हॉन्सील डोळे न उघडता म्हणाली. "तो भरभर बोलायचा."