शंभर किलो मेम्ब्रिशो

नेलिदा सारुब्बी लिफ्ट दुरुस्त करायची. बोएदो भागातल्या सत्तावीस इमारतींच्या लिफ्ट तिच्या भरवशावर खाली-वर करायच्या. अठ्ठाविसावी बंद होती, आणि नेमक्या त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर तिचे वडील राहत होते.

वडिलांचं, एलिसेओंचं, वय एक्याऐंशी, वजन एकशे दहा किलो, आणि हृदय डॉक्टरांच्या शब्दांत 'अजून चालू'. जिना उतरायची सक्त मनाई. मार्चमध्ये लिफ्टचं कंट्रोल कार्ड जळलं, तेव्हापासून त्यांचा पाय जमिनीला लागला नव्हता. एकदा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून उतरवायचा प्रयत्न केला. पाऊण तासात खुर्ची आठव्या मजल्याच्या वळणावर अडकली. तिथल्या बाईंनी सगळ्यांना माते हा कडू हिरवा चहा पाजला आणि वरात आली तशी वर गेली. तेव्हापासून एलिसेओ खिडकीतून दोरीला बांधून टोपली सोडत आणि पावाचा तुकडासुद्धा तिच्यातून वर ओढून घेत.

डॉक्टरांनी नेलिदाला बाजूला घेतलं. "सप्टेंबरात वसंत येईपर्यंत काढतील. पुढचं मला विचारू नका."

एलिसेओंना आता एकच गोष्ट हवी होती. कोपऱ्यावरच्या क्लबात मातीच्या पट्टीवर बोचास या खेळाचे गोळे घरंगळवत एक दुपार घालवायची. पट्टी त्यांच्या खिडकीतून दिसत होती. म्हाताऱ्यांचे चुकणारे नेमही दिसत होते, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा.

कार्ड जर्मनीत मिळत होतं, सहाशे डॉलरला. नेलिदाकडे तेवढे पेसो होते. पण पेसो असून भागत नव्हतं, परवानगी हवी होती. ती देणारे बेविलाक्वा नावाचे गृहस्थ व्यापार खात्याच्या चौथ्या खिडकीत बसत.

"साहेब, एवढंसं कार्ड आहे. तळहाताएवढं."

"बाई, तळहात-तळहात करतच देश रिकामा होतो. बाहेरच्या कर्जाचे हप्ते भरायला डॉलर नको का राहायला? तुमचे वडील खाली आले की सहाशे डॉलर बाहेर जातात."

"मग मी काय करू?"

"आधी सहाशेचा माल बाहेर पाठवा, मग सहाशेचा आत आणा. जेवढ्यास तेवढं. मोटारी आणणारे वाइन पाठवतात. परवा एकानं पियानोच्या तारांसाठी बेदाणे पाठवले."

"मी लिफ्टवाली आहे हो."

"मग लिफ्ट पाठवा."

"ती बंद आहे."

बेविलाक्वांनी तेही लिहून घेतलं.

नेलिदाच्या नशिबानं तिच्याकडे मेम्ब्रिशो होता. पिवळ्या आंबट फळाची ही घट्ट लाल वडी चीजबरोबर कापून खातात. मेंदोसा प्रांतातल्या एका कारखान्यातली मालाची लिफ्ट तिनं दुरुस्त केली होती आणि मालकानं रोकड नाही म्हणून मजुरी वडीतच चुकवली होती. शंभर किलो. सहा डॉलर किलोप्रमाणे बरोबर सहाशे.

"घेणारा कोण?" बेविलाक्वांनी विचारलं.

"वॉशिंग्टन."

बेविलाक्वा उठून उभे राहिले आणि त्यांनी कोटाचं बटण लावलं. हा वॉशिंग्टन म्हणजे नेलिदाचा मोन्तेविदेओतला आतेभाऊ, नदीपलीकडच्या देशात हे नाव गल्लोगल्ली सापडतं, असा खुलासा झाल्यावर ते बसले. बटण मात्र त्यांनी तसंच ठेवलं.

वॉशिंग्टननं सहाशे डॉलर पाठवले. मध्यवर्ती बँकेनं ते वाटेतच ठेवून घेतले आणि नेलिदाला सरकारी भावानं पेसो दिले. वडी नदी ओलांडून गेली. 'परवानगी सप्टेंबरच्या सुरुवातीला' असा शिक्काही मिळाला. एलिसेओंनी बोचासचे बूट काढून त्यांना पॉलिश केलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी वॉशिंग्टनचा टेम्पो दारात येऊन थांबला. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे त्याला आईनं लहानपणापासून शिकवलं होतं. त्यानं मागचं फळकं उघडलं. आत शंभर किलो मेम्ब्रिशो.

"हे काय आणलंस?" नेलिदानं अगदी हळू विचारलं.

"आमच्याकडे ढिगानं मिळते गं ही. तू पाठवलेली कुणी विकत घेईना. म्हटलं मामा एकटे वर बसलेत, त्यांना आवडते."

"जकातीवर काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. मी काय चोर आहे? तुझे कागद होतेच माझ्याजवळ, तुझ्याच खात्याचा नंबर दिला. फार सज्जन माणूस होता. नावेचं भाडं धरून सहाशे चौदा डॉलर मांडले त्यानं. अगदी पक्कं काम."

नेलिदा फुटपाथवर बसली. वॉशिंग्टनही शेजारी बसला. काहीतरी चुकलंय हे त्याला कळत होतं. त्यानं खिशातून आणखी एक वडी काढली, ती वेगळी, आईनं दिलेली.

सोमवारी बेविलाक्वांनी हिशेब बघितला. "सहाशे बाहेर, सहाशे चौदा आत. तुम्ही देशाला चौदा डॉलर देणं लागता. कार्डाची परवानगी रद्द."

"वडी परत पाठवते ना."

"ती आता परदेशी माल झाली. परदेशी माल बाहेर पाठवायला वेगळा परवाना लागतो. आणि तो ज्यांचं खातं जमेत आहे त्यांनाच मिळतो."

"अहो, मेंदोसाची वडी आहे ती."

"होती," बेविलाक्वा म्हणाले. त्यांचा आवाज दुष्ट नव्हता. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याची काडी चार महिन्यांपासून दोऱ्यानं बांधलेली होती.

नेलिदा नऊ मजले चढून वर गेली आणि तिनं वडिलांना सगळं सांगितलं. एलिसेओंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी तीनदा देश बुडताना बघितलाय पोरी. तिन्ही वेळा खालून. या वेळी वरून दिसेल."

"मी दुसरं काहीतरी पाठवते, बाबा."

"काय पाठवणार?"

नेलिदानं टोपलीची दोरी गुंडाळायला घेतली.

"निदान वडीचा एक तुकडा तरी दे."

"डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

मेम्ब्रिशो इमारतभर वाटला गेला. आठव्या मजल्यावरच्या बाईंनी दोनदा नेला.

वसंताच्या पहिल्या दिवशी दुपारी नेलिदा पाव घेऊन खाली उभी राहिली. खिडकी उघडली आणि टोपली हलत हलत उतरली. रोज ती रिकामी यायची. आज तिच्यात बूट होते, बोचासचे, चकाकणारे. मग तिचा फोन वाजला.

"पट्टीवर नेऊन ठेव," एलिसेओ धापा टाकत म्हणाले. "उन्हात. टाचा मातीला टेकू देत."

"किती वेळ?"

"डाव संपेपर्यंत."

नेलिदानं बूट क्लबात नेले आणि पट्टीच्या कडेला, खेळणारा उभा राहतो तसे, एक जरा पुढे करून ठेवले. म्हाताऱ्यांनी बघितलं. एकानं दुसरा गोळा टाकायच्या आधी बुटांकडे बघून वाट पाहिली, मग टाकला. नेम चुकला. वर नवव्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला.

नेलिदा बाकावर बसून बुटांवर लक्ष ठेवत राहिली. डाव लांबत चालला होता, आणि पाव अजून तिच्याच हातात होता.