थोरलीच्या वहीतली अक्षरं

चष्मेवाल्यांच्या बाहेरच्या खोलीत त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग पडला होता, खिडकीच्या गजांना शेजारची पोरं लटकली होती आणि आत तीसेक माणसं श्वास रोखून एका टेबलाकडे बघत होती. टेबलावर पांढरं कापड, त्यावर शाळेचा टॅबलेट आणि टॅबलेटच्या पडद्यावर वहीचं एक कोरं पान. त्याला कुणाचाही हात लागत नव्हता.

"ये बाळा," संवादक हलकेच म्हणाले. "आई वाट बघतेय."

कोऱ्या पानावर एक अक्षर उमटलं. मग दुसरं. मग सावकाश, लहान मूल लिहितं तसं, सगळं वाक्य: 'आऊ, मी आले.'

"अगं बाई!" कुणीतरी पुटपुटलं. चष्मेवाल्यांच्या बायकोने रुमाल तोंडाशी धरला. आऊ अशी हाक तिला जगात एकच माणूस मारायचं, तिची थोरली लेक. आणि थोरली आठ महिन्यांपूर्वी दहा दिवसांच्या तापाने गेली होती.

बाबा, महाराज असं म्हटलेलं या गृहस्थांना खपत नसे. ते स्वतःला 'संवादक' म्हणवत. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बोलण्यात साखर. "शरीर म्हणजे काय हो? हार्डवेअर! आत्मा म्हणजे डेटा. डेटा कधी मरतो का? तो वर जातो. वर म्हणजे कुठे? क्लाउडमध्ये!" असं म्हणून ते बोट छताकडे करत, आणि तीस शहाणीसुरती माणसं माना वर करून पंख्याकडे बघत. त्यांच्यासोबत एक लेखनिक असे. आत्म्याचे बोल वाया जाऊ नयेत म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तो ते मोबाइलमध्ये टिपून घेई. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसे.

मागच्या भिंतीला टेकून शाळेच्या कॉम्प्युटरच्या बाई उभ्या होत्या. त्यांचं लक्ष पानाकडे नव्हतंच. त्या आळीपाळीने दोनच गोष्टी बघत होत्या: लेखनिकाचे अंगठे आणि दाराशी भरून ठेवलेली एक छोटी बॅग. बॅग धाकटीची होती. मागच्या रविवारी याच वहीत उमटलं होतं: 'धाकटीला माझ्याकडे पाठवा. तीन दिवस. एकटीच. फोन नको.' माझ्याकडे म्हणजे संवादकांच्या गावाबाहेरच्या केंद्रात. गाडी पाच वाजता निघणार होती. आता सव्वाचार झाले होते. धाकटीला नुकतंच बारावं लागलं होतं.

या सगळ्याची सुरुवात बाईंसाठी शुक्रवारी झाली. तास संपून वर्ग रिकामा झाला तरी धाकटी वायर गुंडाळत रेंगाळत राहिली. बाईंनी विचारलं, "काय गं, घरी जायचं नाही?"

"बाई, एक विचारू? मेलेल्या माणसाच्या नावापुढे 'टाइप करत आहे' असं दिसतं का?"

बाई हसणार होत्या. पोरीचा चेहरा बघून हसू तिथेच विरलं. धाकटीने आपला शाळेचा टॅबलेट उघडून पुढे केला. थोरलीच्या खात्यावरून आलेले निरोप होते ते, पंधरा दिवसांचे. पहिले साधे होते. 'मला तुझी आठवण येते.' 'अभ्यास कर.' मग हळूहळू त्यांचा रंग बदलत गेला. 'घरात कोण कोण आहे?' 'खोलीचं दार लावून घे.' 'हे आपलं गुपित. आऊला सांगू नकोस, सांगितलंस तर मला परत यायला मिळणार नाही.' शेवटचा निरोप त्याच सकाळचा होता: 'केंद्रात आलीस की मी तुला दिसेन. पण संवादककाका सांगतील ते सगळं ऐकायचं.'

बाईंनी शेवटचा निरोप पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी विचारलं, "आईला दाखवलंस?"

"सांगितलं तर ताई परत जाईल ना," धाकटी म्हणाली आणि रडू लागली.

शाळेच्या सगळ्या खात्यांच्या किल्ल्या बाईंकडे असत. त्यांनी थोरलीचं खातं काढलं. ते एकाच वेळी दोन ठिकाणी उघडलेलं होतं: एक घरचा टॅबलेट आणि दुसरा कुणाचातरी मोबाइल. हा मोबाइल दोन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी पहिल्यांदा आत शिरला होता, तोही पहिल्याच फटक्यात, एकदाही न चुकता. म्हणजे त्या माणसाला पासवर्ड ठाऊक होता. पण कसा? बाई डोकं धरून बसल्या. मग वर्गाच्या कपाटात रचलेल्या टॅबलेटांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी वरचा एक उचलून उलटा केला.

प्रत्येक टॅबलेटच्या पाठीवर एक पांढरं स्टिकर होतं. त्यावर मुलाचं नाव, खात्याचं नाव आणि पासवर्ड. पोरं पासवर्ड विसरतात, रोज अर्धा तास वाया जातो, म्हणून बाईंनीच हौसेने छापून, कडा नीट दाबून ते चिकटवले होते. आणि आपला टॅबलेट छातीशी धरून हसणाऱ्या थोरलीचा, विज्ञान प्रदर्शनाच्या बक्षिसाच्या दिवशीचा फोटो चष्मेवाल्यांनी केवढातरी मोठा करून घरात लावला होता. तोच दुकानाच्या काचेत, तोच दुकानाच्या ऑनलाइन पानावर. पानावर तो चढला होता दोन महिन्यांपूर्वी, त्या मंगळवारच्या आदल्याच दिवशी.

थोरली गेल्यावर नियमाप्रमाणे खातं बंद व्हायला हवं होतं. पण तिची आई शाळेत येऊन हात जोडून म्हणाली होती, "बाई, तिची वही आहे हो त्यात. राहू द्या." बाईंनी राहू दिलं. दया म्हणून केलं होतं, पण त्या दयेपोटी दार सताड उघडं राहिलं आणि त्यातून कोण आत आलं ते आता त्यांच्यासमोर होतं. त्या दिवशी बाईंना स्वतःची फार चीड आली.

खातं तिथल्या तिथे बंद करणं सोपं होतं. पण मग संवादक म्हणाले असते, अविश्वासी लोकांमुळे आत्मा दुखावला, आणि आईने लेकीला परत मिळवण्यासाठी धाकटीला आणखी लवकर पाठवलं असतं. निरोप दाखवले असते तरी उत्तर तयार होतं: लिहिलंय ताईनेच. बाईंनी बराच वेळ विचार केला. मग थोरलीच्या वहीतल्या दोन जुन्या पानांच्या मध्ये त्यांनी एक नवं पान घातलं आणि चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, धाकटीलासुद्धा नाही. "रविवारपर्यंत कुठे जायचं नाही, काही उत्तर द्यायचं नाही," एवढंच तिला बजावलं.

"कुणाला काही विचारायचंय का?" रविवारी संवादकांनी सभेला विचारलं.

"मला विचारायचंय," मागून बाई म्हणाल्या. सगळ्या माना वळल्या. "माझी विद्यार्थिनी होती ती. विचारा तिला, धाकटीला ती लाडाने काय म्हणायची?"

संवादकांनी डोळे मिटले. तळहात टॅबलेटवर तरंगत धरला. "लहरी जरा क्षीण आहेत... खोलीत शंका आहे कुणाच्या तरी मनात... शंका म्हणजे नेटवर्कमधला अडथळा... येतंय, येतंय..." त्यांची टकळी अशी मिनिटभर चालली. कोपऱ्यात लेखनिकाचा अंगठा पडदा वर सरकवत होता, भराभर. मग तो थांबला.

पानावर उमटलं: 'माझी टिटवी.'

"वा!" खोलीतून उसासे निघाले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर हात जोडले. पण आई जागची हलली नाही. तिने धाकटीकडे बघितलं.

"टिटवी?"

"नाही गं आई," धाकटी गोंधळून म्हणाली. "ताई मला ढब्बू म्हणायची."

"ढब्बूच म्हणायची," आई सावकाश म्हणाली.

संवादक गडबडले नाहीत. धंद्यात मुरलेला माणूस. "वर गेल्यावर नावं बदलतात, ताई. पृथ्वीवरचं नाव म्हणजे जुनं व्हर्जन..."

"नाव बदललेलं नाही," बाई पुढे येत म्हणाल्या. "हे नाव परवा, शुक्रवारी मी रचलं. वहीत एक पान घातलं आणि लिहिलं, 'धाकटीला मी टिटवी म्हणते.' या खोलीत ते कुणाला माहीत असायचं कारण नाही. ही वही चोरून वाचणाऱ्यालाच माहीत असणार. तुमच्या आऊ या हाकेचंही तसंच. ती याच वहीत पानोपानी आहे. ढब्बू मात्र कुठेच नाही, कारण वहीत बहिणीला ती धाकटीच लिहायची."

"हा आत्म्याचा अपमान आहे!" संवादकांचा आवाज चढला. "चष्मेवाले, यांना बाहेर काढा!"

बाईंनी पर्समधून मोबाइल काढला आणि अंगठा चालवला. टेबलावरच्या टॅबलेटवर, कुणाचाही हात न लागता, अक्षरं उमटू लागली: 'हे बाई लिहीत आहेत.' खिडकीतल्या पोरांपैकी एक जण फिस्सकन हसला.

"बघा. मलाही सिद्धी मिळाली," बाई म्हणाल्या. "एक वही दोन यंत्रांवर उघडली की एकीकडे लिहिलेलं दुसरीकडे दिसतं. शाळेत आम्ही रोज असाच गृहपाठ तपासतो. ते दुसरं यंत्र त्या लेखनिकांच्या हातात आहे. ते टिपून घेत नाहीत. बोल आधी त्यांच्याकडे उमटतात."

लेखनिक स्टुलावरून उठला होता. त्याला दार गाठायचं होतं, पण दारात चपलांचा ढीग होता आणि ढिगापलीकडे माणसं.

"पण पासवर्ड?" चष्मेवाल्यांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "तिचा टॅबलेट तर आम्ही कधी घराबाहेरही नेला नाही."

"तुमच्या खिशातलं भिंग काढा," बाईंचा आवाज खाली आला. "आणि तिच्या फोटोजवळ जा. चेहरा नका बघू. हात बघा."

दिवसभर दुसऱ्यांच्या काचांवरचे ओरखडे शोधणाऱ्या त्या माणसाने भिंग डोळ्याला लावलं आणि आपल्या मुलीच्या फोटोवर वाकला. मग तो एकेक अक्षर वाचू लागला. नाव वाचलं. खात्याचं नाव वाचलं. पासवर्डातली चार अक्षरं वाचली आणि भिंग खाली घेतलं. आठ महिने रोज सकाळी या फोटोसमोर उभा राहिला होता तो, पण तेवढं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"ते स्टिकर मी लावलं," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे. आता ती मी निस्तरते." त्यांनी सगळ्यांदेखत पासवर्ड बदलला आणि टेबलावरचा टॅबलेट सोडून खात्यात शिरलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं. "बोलवा हो संवादक. बोलवा तिला. आत्म्याला पासवर्ड लागत नाही ना?"

संवादकांनी तळहात धरला, लहरींना साद घातली, कपाळावरचा घाम पुसला. टॅबलेट गप्प राहिला. लेखनिकाच्या हातातल्या मोबाइलवर मात्र ठळक अक्षरं आली होती, ती शेजारच्या मुलाने मोठ्याने वाचली: "'पुन्हा लॉगिन करा.'"

तरी आई त्या पानाकडेच बघत बसली होती. पटणं वेगळं आणि सोडणं वेगळं. मग धाकटी तिच्याजवळ गेली आणि आपला टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. आईने निरोप वाचले. 'आऊला सांगू नकोस' हे तिने दोनदा वाचलं.

"ही माझी थोरली नाही," ती म्हणाली. "माझी थोरली पेन हरवलं तरी आधी मला येऊन सांगायची." ती उठली, दाराशी गेली, बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. गाडीचा हॉर्न पाच वाजता वाजला. कुणी बाहेर गेलं नाही.

त्या गोंधळात ते दोघं मागच्या दाराने निसटले. पोलिसांत तक्रार झाली, बाईंनी खात्याच्या सगळ्या नोंदी दिल्या. केंद्रात आणखी कुणाची मुलं होती याचा तपास अजून चालू आहे. तो विचार मनात आला की बाईंना झोप लागत नाही.

सोमवारी कॉम्प्युटरच्या वर्गात बाई आणि धाकटी एकेक स्टिकर नखाने खरवडत बसल्या. थोरलीच्या टॅबलेटवरचं तिच्या आईने स्वतः येऊन काढलं. बाईंनी तिच्या हातात थोरलीची वही कागदावर छापून ठेवली, टिटवीचं पान वगळून. खातं मात्र पोलिसांच्या सांगण्यावरून आठवडाभर, कुलूप लावून, तसंच ठेवायचं होतं, कोण आत शिरू बघतं ते कळावं म्हणून.

वाचणाऱ्या आईबापांना एवढंच सांगायचं आहे. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे याला कुठून कळलं? मुलांचे फोटो लावण्याआधी त्यात आणखी काय दिसतंय ते भिंग घेऊन बघा. आणि मुलांनो, पडद्याआडून कुणीही, अगदी तुमच्या ओळखीच्या नावाने, 'घरी सांगू नकोस' म्हणालं, तर नेमकं तेच घरी सांगा. लगेच सांगा.

त्याच सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी बाईंच्या पडद्यावर एक लाल ओळ चमकली. थोरलीचं खातं. पासवर्ड चुकला. मग आणखी एक ओळ. मग आणखी एक. कुणीतरी दार ढकलून बघत होतं.

धाकटीचं नख थांबलं. "बाई, कोण आहे?"

"माणूस आहे," बाई म्हणाल्या. "नुसता माणूस. घे, वही काढ आणि वेळ लिहून ठेव."

धाकटीने वेळ लिहिली.