रिकाम्या पाकळीतला अंगुस्ताना

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. तरी सांगतो. या दवाखान्याच्या भिंतीवर लटकून मला दुसरं काम तरी काय आहे?

मी एक जुना पितळी अंगुस्ताना आहे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ना, ती टोपी. माझा जन्म बुखाऱ्यात झाला, एका फुटक्या समोवाराच्या तोटीतून. त्या समोवारानं म्हणे एका लग्नात सातशे पाहुण्यांना एकाच भरण्यात चहा पाजला होता. म्हणूनच कुठं चहाचं पाणी उकळू लागलं की अजून माझं अंग तापतं. नारझुल्ला नावाच्या तांबटानं माझ्या अंगावर तीनशे सहासष्ट खळगे ठोकले. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक आणि वर एक, मोजण्यात चुकला म्हणून.

एका नवरीच्या पेटीतून मी उर्गुतला आलो आणि पुढे तिच्या नातीच्या बोटात गेलो. ती नात म्हणजे बीबीसोरा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मी तिच्या बोटात खुळखुळत असे. मला घट्ट बसवायला तिनं आत लोकरीचा गोळा कोंबला होता. किती उबदार दिवस होते ते!

मोठी होऊन ती कलमकश झाली. मुलीच्या लग्नात जी भरतकामाची मोठी सुझानी टांगतात, तिची नक्षी कापडावर आखून देणारी. हे काम एकट्याचं नसे. कापडाच्या पाच पट्ट्या सैल टाक्यांनी जोडायच्या, बीबीसोरा आपानं त्यावर वेली, डाळिंबं, मिरच्या आखायच्या, मग पट्ट्या उसवून पाच घरी भरायला द्यायच्या. सहा महिन्यांनी त्या परत आल्या की पक्क्या जोडायच्या. तेव्हा काय हसू व्हायचं! एका घरचं अर्धं डाळिंब कलिंगडाएवढं आणि शेजारणीचं अर्धं बोराएवढं. पण कुणी उसवत नसे. आणि कितीही सुंदर काम झालं तरी शेवटी एक पाकळी कोरी ठेवायची, म्हणजे घरातलं शिवणं कधी संपत नाही, अशी तिथली रीत.

आपा मला डाव्या हाताच्या तर्जनीत घालायची, कापडाखाली. सुईचं टोक वरून माझ्यावर येऊन टेकायचं. लोकांनी सुझानीचं तोंड पाहिलं. मी जन्मभर तिची पाठ पाहिली: गाठी, अर्धवट दोरे, चुकून पुढे गेलेले टाके. त्यामुळे आपाची पाठचीही बाजू मला ठाऊक होती.

तिला साखरेचा आजार झाला होता. समरकंदच्या डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली, ती तिनं सुयांच्या डबीत लपवली. डबीत मीही होतो. सहा वर्षं ती चिठ्ठी माझ्याखाली पडून होती. एका हिवाळ्यात निखाऱ्यांच्या सांदलीपाशी, म्हणजे रजई पांघरलेल्या शेगडीपाशी, सगळे पाय शेकत बसले होते. जळका वास आला तेव्हा सुनेनं रजई उचलली. आपाचा मोजा धुमसत होता, आणि आपा शेजारणीच्या कोंबड्यांची गोष्ट सांगत होती. "मांजरानं निखारा उडवला," म्हणाली. मित्रांनो, त्या घरात मांजर नव्हतं.

मग तो वसंत आला. दवाखान्यातली नर्स मुकद्दस आपाच्या अंगणात आली. जर्दाळूच्या झाडाखाली लाकडी तख्तावर बायका चहा पीत होत्या. ती म्हणाली, "खाला, दवाखान्याच्या भिंतीसाठी एक सुझानी करायची आहे. हा आजार असलेल्या बायकांनीच भरायची. प्रत्येकीनं आपल्या पट्टीवर नाव घालायचं आणि आजार कुठल्या साली कळला तेही. म्हणजे इतर बायका लपवणार नाहीत. तीन पाय कापून झालेत यंदा आपल्या गल्लीत."

सगळ्या एकदम बोलू लागल्या. सुरी फिरवावी तशी जीभ फिरवणारी शेजारीण रिसोलत म्हणाली, "वा गं वा! गोळ्या, सुया, लघवीच्या बाटल्या भरा आणि टांगा नवरीच्या डोक्यावर!"

"नवरीच्या नाही, दवाखान्याच्या."

"एकच ते. माझ्या नातीची सोयरीक चालू आहे. भिंतीवर माझं नाव दिसलं की पाहुणे दारातून परततील. म्हणतील, या घराच्या रक्तातच आहे."

"नावं नकोतच!" सर्वात मोठ्यानं आपा ओरडली. "कुणाला झालंय ते अल्लाला ठाऊक, तेवढं पुरे. मी आखून देते, जोडून देते. मला मेलीला काय धाड भरलीय!" आणि सगळ्यांच्या देखत तिनं खडीसाखरेचे तीन मोठे खडे तोंडात टाकले.

मग ती किटली भरायला उठली. मुकद्दस तिच्या लंगड्या चालीकडे बघत राहिली. नावाशिवाय सुझानी म्हणजे नुसतं सुंदर कापड, हे तिला कळत होतं. मलाही.

तरी काम सुरू झालं. आपानं नक्षी आखली, आणि काय आखली! डाळिंबांच्या मधोमध चहाची किटली, तिच्याभोवती खडीसाखरेचे स्फटिक, आणि प्रत्येक स्फटिकाला सापासारखी वळणदार वेल. पाच पट्ट्या पाच घरी गेल्या. उन्हाळाभर बायका टाके घालत राहिल्या. शरदात पट्ट्या परत आल्या. किटलीची चोच एका पट्टीत लाल, दुसरीत गुलाबी! "या किटलीला पडसं झालंय," रिसोलत म्हणाली, आणि तख्त हसण्यानं हललं.

त्या दिवशी जोडकाम होतं, मुकद्दसही आली होती. आपाच्या हातात सुई, बोटात मी. तिच्या पायाच्या तळव्याला तेव्हा जखम झाली होती, नाण्याएवढी. कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द तिलाही दुखत नव्हतं. मला मात्र राहवेना. हे असंच चाललं तर पाय जाणार, आणि पुढे ती स्वतःही.

आता ऐका. मी उडी मारली.

हो, या पितळी अंगानं! तिच्या बोटातून सुटलो, तख्तावर तीन कोलांट्या घेतल्या आणि गालिच्यावर जाऊन पडलो. पुढचीच सुई तिच्या उघड्या बोटात घुसली. आरपार! पांढऱ्या कापडावर लाल थेंब पसरला. आपाचा हात थांबला नाही. दुसरा टाका, तिसरा टाका.

"आपा! तुमचं बोट!" रिसोलत किंचाळली.

आपानं बोट वर केलं. सगळ्यांना दिसेल असं.

"दुखत नाही गं," ती शांतपणे म्हणाली. "सहा वर्षं झाली. पायाचंही तसंच आहे." आणि तिनं मोजा काढला.

 मग मुकद्दस गुडघ्यावर बसली आणि तिनं तो पाय मांडीवर घेतला. एक करंगळी गेली, पण पाय वाचला. त्याच संध्याकाळी आपानं त्या लाल डागाशेजारी आपलं नाव भरलं, साल घातलं. डाग कुणी धुतला नाही. रिसोलत आधी नाक ओढत बसली, मग म्हणाली, "द्या इकडे सुई. माझंही घाला. परतणारे पाहुणे परतू देत. निदान नातीची सासू तिला साखर चारून तरी मारणार नाही."

त्या वाचलेल्या पायावर आपा अकरा वर्षं चालली. किती सुझान्या आखल्या, किती घरी जाऊन म्हाताऱ्यांचे मोजे काढायला लावले! डोळे गेल्यावर तिनं मला या भिंतीवरच्या सुझानीत आणून टाचलं, त्या कोऱ्या ठेवलेल्या पाकळीत. आता ती नाही. नवी मुलं मला बटण समजतात. समोवाराच्या पोराला बटण! असो.

मित्रांनो, एवढं तरी माझं ऐका. आज घरी गेलात की आजीला मोजे काढायला सांगा. तळवे बघा. बोटांच्या बेचक्यात बघा. ती म्हणेल, मला काही झालेलं नाही. तरी बघा. कारण दर वेळी उडी मारायला एखादा शूर अंगुस्ताना जवळ असेलच असं...

"अरे खोटारड्या!"

कोण ते? बाकावर, रक्त तपासायच्या रांगेत बसलेली म्हातारी. रिसोलत.

"पोरांनो, याचं काही ऐकू नका. उडीबिडी काही मारली नाही यानं. मी शेजारी बसले होते. आपानं स्वतः याला बोटातून काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, 'धर गं रिसोलत, आज मला हा नको.'"