सयाजीची राखण

चिंचवडला तंबूचं थेटर लागलं आणि त्यात एक विलायती पिक्चर आलं. सरहद्दीवरच्या चौकीत बर्फानं अडकलेले शिपाई भुकेपायी आपल्याच सोबत्यांना खातात, अशी गोष्ट. कारखान्यातल्या ज्योतीरामानं भिमाजीला बळंच नेलं. भिमाजी पूर्वी पलटणीत होता. लडाखकडच्या एका चौकीवर तोही असाच अडकला होता आणि एकटाच जिवंत परतला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पडद्यावर सुरी चालली तेव्हा बायांनी पदरात तोंडं लपवली. पहिली पाळी करून आलेला भिमाजी मात्र बसल्या जागी घोरत होता.

तेवढं पुरलं. यानंही तिथं तेच केलं असणार, अशी कुजबुज कारखान्यात पसरली. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारचे डबे एकेक करून लांब सरकले. भिमाजी आपला डबा खात राहिला. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागणार, आणि तेवढं त्राण त्याच्यात नव्हतं.

रविवारी रहाटणीहून शालनबाई आली. तिचा नवरा सयाजी त्याच चौकीवर भिमाजीसोबत होता आणि तिथंच वारला होता. ती उंबऱ्याशीच बसली.

"भावजी, लोक काय बोलत्यात ते कानावर आलं. आमच्या मालकांचं काय झालं?"

"तापानं गेला, वहिनी. सगळ्यांच्या आधी. जमीन दगडासारखी, कुदळ लागंना. मागच्या खोलीत कांबळ्यात गुंडाळून ठेवला."

"मग?"

"खेचरं खाल्ली. पट्टे उकडून खाल्ले. एक दिस हवालदार म्हणाला, मागं मांस हाय. बाकीच्या दोघांनी मान डोलवली. मी बंदूक घेऊन दाराशी बसलो."

"गोळी घातली त्यांना?"

"न्हाई. उठायचं बळ कुणात होतं? जागच्या जागी संपले."

शालनबाईनं मान वर केली. "आन् तुमच्या मनात?"

"आलं होतं," भिमाजी म्हणाला. "दार उघडून आत गेलो. तोंडावरचं कांबळं काढलं. दाढी वाढली होती त्याची. ती बघितली आन् परत झाकलं."

"घरी एक दिस दाढी वाढू द्यायचे न्हाईत," ती म्हणाली. रडली नाही. "हे आधी का न्हाई सांगितलं?"

"कुणी इचारलं न्हाई. तेच बरं वाटत होतं."

"कारखान्यात येऊन सांगू मी?"

"नको, वहिनी. बोलू द्या त्यांना."

भिमाजीच्या बायकोनं, कौशल्याबाईनं तिला चहा दिला. तो पिऊन ती उठली. जाताना मात्र पलीकडच्या खोलीत राहणाऱ्या ज्योतीरामाच्या दाराशी थांबून ती काहीतरी बोलली.

सोमवारी ज्योतीराम आपला डबा घेऊन भिमाजीशेजारी येऊन बसला. पिक्चरचं नाव त्यानं काढलं नाही. कांदा फोडून अर्धा पुढं सरकवला. बाकीचे लांबच बसले, आणि भिमाजीनंही त्यांना हाक मारली नाही.